घोरणाऱ्याच्या मापाची हवा

घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री घोरला तर घरची माणसे म्हणतात, दमला आहे, झोपू दे. पुष्कळदा ते खरेही असते. पण घोरता घोरता आवाज एकाएकी थांबतो, छाती हलते पण श्वास येत नाही, आणि थोड्या वेळाने माणूस गुदमरल्यासारखा दचकून पुन्हा घोरू लागतो, असे रोज होत असेल तर ती झोप नव्हे, तो विकार आहे. झोपेतील श्वासरोध असे त्याला म्हणता येईल.

हा विकार कसा होतो, हे शेतकऱ्याला समजावयास कठीण नाही. पंपाने विहिरीचे पाणी ओढताना खेचणारी नळी मऊ असली तर ती आतल्या आत चिपकते आणि पाणी बंद होते. आपला घसाही अशीच मऊ नळी आहे. जागेपणी स्नायू तिला ताठ धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि श्वास ओढताना नळी मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक बंद राहिला की डॉक्टर तो एक रोध मोजतात. श्वास पूर्ण बंद न होता बराच कमी झाला आणि रक्तातला प्राणवायू उतरला, तर तेही मोजतात. तासाला पाचपर्यंत असे प्रसंग विशेष मानत नाहीत. तीसच्या वर गेले की विकार तीव्र समजतात. दर वेळी प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि सकाळी माणसाला यातले काहीच आठवत नाही. आठवते ती फक्त डोकेदुखी, कोरडे तोंड आणि दिवसभराची पेंग.

ही पेंग धोक्याची आहे. प्रवचन लांबले आणि डुलकी लागली, तर दोष प्रवचनाचाही असेल! पण स्कूटर चालवताना, पॉवर टिलर धरताना किंवा माडावर चढल्यावर डोळा लागला तर काय होईल, हे सांगावयास नको. शिवाय ज्यांना हा विकार असतो त्यांच्यात रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात अधिक आढळतात. मुंबईच्या हिंदुजा इस्पितळातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी शंभरात सुमारे साडेसात जणांना दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा इस्पितळाने मृत्यूच्या कारणात याच विकाराचे नाव घेतले होते. स्त्रियांनाही, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तो होतो. पण त्या घोरण्याऐवजी थकव्याची तक्रार करतात, म्हणून लवकर ध्यानात येत नाही.

पूर्वी तीव्र विकारावर गळ्याला भोक पाडून नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सोपा मार्ग दाखविला. नाकावर मुखवटा बसवून हलक्या दाबाची हवा सतत सोडावयाची, म्हणजे घशाची नळी आतून फुगलेली राहते व मिटत नाही. या यंत्राला सीपॅप म्हणतात. त्यातून येते ती साधी खोलीतलीच हवा.

मात्र एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही, तसेच या यंत्राचे आहे. दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात आणि यंत्र चारपासून वीसपर्यंत लावता येते. भांड्यात चार बोटे पाणी असले की तळावर जो भार पडतो, तो सुमारे सात-आठ सेंटिमीटरांचा. कोणाला एवढा पुरतो, कोणाला दुप्पट लागतो. वजन, मानेचा घेर, जबड्याची ठेवण, उताणे की कुशीवर झोपणे, रात्री घेतलेली फेणी, या सर्वांवर ते अवलंबून असते. दाब कमी पडला तर घसा मिटतच राहतो; जास्त झाला तर हवा मुखवट्याच्या कडेने फुसफुसते, पोटात जाते, झोप मोडते. म्हणून झोपेची तपासणी करूनच डॉक्टर दाब ठरवितात, किंवा स्वतः दाब कमीजास्त करणारे यंत्र काही रात्री लावून त्याची नोंद पाहतात. आखातातून कोणा नातलगाने पाठविलेले जुने यंत्र तसेच लावू नये. त्यातला दाब त्याच्या घशाचा असतो, आपल्या नव्हे.

मुखवट्याचेही तसेच. नाक मोकळे असेल तर नाकापुरता पुरतो. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यास नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो. दाढीमिशांतून हवा गळते. घसा कोरडा पडत असेल तर हवा दमट करणारे भांडे जोडतात, त्यात शुद्ध केलेले पाणी घालावे. आपल्याकडे पावसाळ्यात हवा मुळातच दमट. तेव्हा नळीत पाणी साचल्यास दमटपणा कमी करावा व यंत्र बिछान्यापेक्षा खाली ठेवावे. मळणीच्या दिवसांत गाळणी वरचेवर पाहावी. वीज गेली तर मुखवटा काढून कुशीवर झोपावे.

पहिल्या आठवड्यात त्रास झाला म्हणून पुष्कळजण यंत्र कपाटात ठेवून देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हृदयाचे वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे असलेले सत्तावीसशेंहून अधिक रुग्ण होते. यंत्र लावणाऱ्यांची पेंग कमी झाली, पण हृदयाचे झटके व पक्षाघात कमी झाले नाहीत. मात्र ते यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासच वापरीत होते. तेव्हा यंत्र म्हणजे जादू नव्हे, आणि अर्धवट वापरून त्याची परीक्षाही होत नाही. निदान चार तास, शक्यतो सारी रात्र वापरावे. त्रास होत असेल तर सोडण्याऐवजी डॉक्टरांकडे जाऊन दाब वा मुखवटा बदलून घ्यावा. वजन बरेच उतरले वा वाढले तरी दाब पुन्हा तपासावा.

विकार सौम्य असेल तर वजन उतरविणे, कुशीवर झोपणे आणि झोपण्यापूर्वी दारू न घेणे यानेही फरक पडतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

झोपलेल्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते घरच्यांना ऐकू येते. म्हणून माउलींनो, नवऱ्याचा श्वास थांबताना दिसला तर एका रात्री घड्याळ घेऊन मोजा आणि त्याला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. आणि पुरुषांनो, बायको सांगेल तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. त्या रात्रीची साक्षीदार तीच असते.