कुत्रा चावला तर विषाणूच्या आधी पोचा

‘जखम बारीकच आहे, हळद लावली आहे,’ असे म्हणून कुत्रा चावल्यावर घरी बसणारे लोक आजही आढळतात. जखम चार दिवसांत भरून येते आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु रेबीजचे विषाणू आत शिरले असतील, तर जखम भरली म्हणून धोका टळत नाही.

जिवाणू स्वतः अन्न घेतात, वाढतात, एकाचे दोन होतात. विषाणूला यातले काहीच जमत नाही. त्याच्याजवळ असतो फक्त आनुवंशिक मजकूर आणि त्याभोवतीचे वेष्टण. रेबीजच्या विषाणूत अवघी ५ जनुके असतात. एका मिलिमीटरच्या लांबीत असे ५ हजारांहून अधिक विषाणू एकामागे एक मावतील.

वाढण्यासाठी विषाणूला जिवंत पेशीच लागते. कुत्र्याच्या लाळेतून तो जखमेत उतरतो, पेशीला चिकटतो आणि आत घेतला जातो. आत त्याचे वेष्टण सुटते. एखाद्या छापखान्यात कोणी आपले पत्रक घुसवावे आणि कामगारांनी तेच छापत सुटावे, तशी पेशीची गत होते. पेशीचीच सामग्री वापरून विषाणूचे भाग तयार होतात व जुळतात. बाहेर पडताना प्रत्येक नवा विषाणू पेशीच्या चरबीयुक्त पडद्याचा तुकडा अंगावर पांघरून निघतो.

हे चरबीचे पांघरूण साबणाने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. म्हणूनच चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये.

धुण्यातून वाचलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा १ ते ३ महिने लागतात. कधी याहून कमी, कधी जास्त. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर चावा असेल तर वाट जवळची होते. मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही.

तेव्हा जे करायचे ते विषाणू वाटेत असतानाच. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला चाव्यानंतर लस टोचली आणि तो वाचला, ते याच मुदतीमुळे. लसीने शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. त्याला काही दिवस लागतात, म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती अनेकांच्या मनात अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आताची लस दंडात, ठरलेल्या दिवशी, ४ किंवा ५ वेळा घ्यावी लागते. ती सरकारी रुग्णालयांत मिळते.

कुत्रा पाळीव आहे की भटका, तो जगतो की मरतो, याची वाट पाहत बसू नये. जखम धुवावी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि बरे वाटते म्हणून मधले इंजेक्शन चुकवू नये. मुलांना कुत्र्याने ओरबाडले तरी घरी लपवू नका, असे आवर्जून सांगावे.