शब्दांआधीची धून

‘हावा नागिला’ हे हिब्रू गाणं जगभर पोचलं ते गायक हॅरी बेलाफोंटे यांच्यामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ते गायलं आणि ध्वनिमुद्रिकेतून ते दूरवर गेलं, हे खरंच. पण या गाण्यातली प्रवासाची ताकद त्याहून जुनी आहे. मुळात ही पूर्व युरोपातल्या सादिगुरा परंपरेच्या हसिदी या भक्तिपंथातल्या ज्यूंची, शब्दांविना गुणगुणायची भक्तिधून. जेरुसलेममधले संगीत-अभ्यासक अब्राहम इडेलसोन यांनी ती टिपून घेतली आणि १९१८ च्या सुमारास तिला आनंदाचे मोजके हिब्रू शब्द मिळाले.

ती ताकद चालीतच आहे: तीत कोमल रिषभावरून थेट शुद्ध गंधारावर झेप आहे. भैरव ऐकत वाढलेल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. अरबी, तुर्की कानांनाही तशी झेप परकी नाही. शब्द न कळता गाणं उचललं की त्याचा आत्मा हरवतो, हा आक्षेप एरवी रास्त आहे, इथे मात्र तो टिकत नाही. १९६३ मध्ये डिक डेल यांनी ही धून इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली, तेव्हा गळाले ते मागाहून जोडलेले शब्द. धून आधीही निःशब्दच होती.