वाटीभर वरण : घट्ट की पातळ?

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. इथल्या शेतात सोयाबीनबरोबर तूर असते आणि घरात तुरीचं वरण. तुम्हीही ते रोज खात असाल. पण त्यातून अंगाला नेमकं किती मिळतं?

हिशेब डाळीचा
100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं आणि 9 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पाच माणसांसाठी 150 ग्रॅम डाळ शिजवली, तर प्रत्येकाला साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. 55 किलो वजनाच्या बाईची रोजची गरज मात्र सुमारे 46 ग्रॅम असते. गरोदरपणात ती आणखी वाढते.

पाणी वाढवलं की काय होतं?
पाहुणा आला की वरणात पाणी वाढतं. प्रथिनं तेवढीच राहतात. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत बऱ्याचदा नुसतं वरचं पाणी येतं. म्हणून वाढण्याआधी वरण तळापासून ढवळा आणि तिची वाटी आधीच काढून ठेवा.

भाकरी हवीच
ज्वारी आणि तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं. ते धान्यातून मिळतं. त्यामुळे वरण-भाकरी किंवा वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात.

हे लक्षात ठेवा
- वरणावर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.
- जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. किमान तासभर थांबा.
- डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नका. त्यामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.
- पोटात गॅस होत असेल तर डाळ भिजवून, ते पाणी टाकून शिजवा.

वरणाने काय होत नाही?
30 ग्रॅम डाळीतून जेमतेम सव्वा मिलिग्रॅम लोह मिळतं. बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम आहे. म्हणून रक्त कमी असेल तर वरणावर भिस्त ठेवून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. डाळीत ब-१२ जीवनसत्त्व नसतं. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा मासे लागतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या शेवटच्या वाटीत डोकावून पाहा. तिच्यात डाळ दिसली पाहिजे.