वेशीपाशी ताशी तीस

आषाढी वारीसाठी पैठणहून निघालेली संत एकनाथ महाराजांची पालखी खर्ड्यावरून पंढरपूरला जाते. पालखी येते त्या दिवशी रस्त्यावर वेगमर्यादेची एकही नवी पाटी लागत नाही, तरी ट्रकवाला आणि जीपवाला मुकाट्याने खालचा गिअर टाकतात. दोन्ही अंगांनी माणसे चालत असतात, पुढचे धड दिसत नाही, गाडीपुरतीच वाट उरलेली असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबायला पाय धजतच नाही. पोलीस बंदोबस्त असतो हे खरे, पण पोलीस नसलेल्या वळणावरही गाड्या हळूच जातात. दिंड्या पुढे सरकल्या की रस्ता तोच, चालक तेच, ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटीही तीच. वेग मात्र पुन्हा पहिल्यासारखा होतो.

रस्ता-सुरक्षेचे शास्त्र गेली पन्नास वर्षे जे सांगत आले आहे, त्याचा पडताळा इथे फुकटात मिळतो. चालक वेग ठरवतो तो पाटी वाचून नव्हे. रस्ता किती रुंद आहे, किती सरळ आहे, किती लांबवर मोकळा दिसतो, कडेला काय आहे, यावरून पाय आपोआप हलका किंवा जड होतो. गावातला रस्ता रुंद आणि गुळगुळीत करून त्याच्या तोंडाशी सावकाश जाण्याची पाटी लावणे म्हणजे आमंत्रण देऊन दाराला कडी घालणे.

खर्डा जामखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. बीड आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमा जवळ. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला इथे हरवले, म्हणून शाळेच्या इतिहासात ते भेटते. निंबाळकरांचा भुईकोट अजून उभा आहे. अशा जुन्या गावांची अडचण सारखीच असते. गाव आधी वसले ते पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाडीच्या मापाने. मोटारींचा रस्ता मागाहून आला आणि वस्तीतून आरपार गेला. शाळेत जाणारी पोरे, दुधाची किटली अडकवलेली मोटारसायकल, एसटीची वाट पाहणाऱ्या आज्या आणि परगावची भरधाव गाडी या सगळ्यांना एकच डांबरी पट्टा पुरवायचा असतो.

आता थोडे गणित. पोर रस्त्यात धावत आले हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी मूळच्या वेगानेच पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर ८.३ मीटर, ५० असेल तर १३.९ मीटर. मग ब्रेक. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तर ३० वरून थांबायला आणखी ५ मीटर लागतात. ५० वरून जवळजवळ १४, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा पोर १४ मीटरवर आहे. तिशीतली गाडी त्याच्या पुढ्यात, हातभर अलीकडे, थांबते. पन्नाशीतल्या गाडीचा पाय नेमका त्या क्षणी ब्रेकवर पोहोचलेला असतो. तिचा वेग एका किलोमीटरनेही कमी झालेला नसतो, म्हणजे धडक बसते ती पूर्ण पन्नासच्या वेगाने. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर हा हिशेब लावूच नये. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात.

धडकेनंतर काय होते, याबद्दल जुन्या पुस्तिकांतले आकडे जरा भडक होते. पन्नासच्या धडकेत बहुतेक पादचारी मरतात, असे त्यांत असे. त्या अभ्यासांत किरकोळ जखमी झालेल्यांची नोंद नीट नव्हती, त्यामुळे मृत्यूचे प्रमाण फुगले होते. एरिक रोसेन आणि उलरिख सँडर यांनी २००९ मध्ये जर्मनीतल्या अपघातांच्या तपशीलवार नोंदींवरून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा धोक्याचे आकडे बरेच खाली आले. तुलना मात्र तशीच भयंकर राहिली: ताशी ५० च्या धडकेत प्रौढ पादचाऱ्याला मृत्यूचा धोका ३० च्या धडकेपेक्षा पाच पटींहून जास्त. भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे सरकारचेच आकडे आहेत.

‘पोरांनी बघून रस्ता ओलांडावा’ हा उपदेश आपण सगळेच करतो. तो पुरता का पडत नाही, याचे उत्तर डोळ्यांत आणि मेंदूत आहे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे हे आपण तिची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून ओळखतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या जॉन वान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ही वाढ मोठ्यांइतकी जाणवत नाही. गाडी ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून वेगात असेल तर ती आपल्याकडे येते आहे हेच त्यांना खात्रीने कळत नाही. म्हणजे पोर बघते, पण त्याला वेग दिसत नाही. त्याला कितीही ओरडा, शरीर त्याच्या वयाआधी मोठे होणार नाही.

आजीचे गणित वेगळे. सात मीटरचा रस्ता ती सेकंदाला ०.८ मीटर चालीने पावणेनऊ सेकंदांत ओलांडते. तेवढ्या वेळात साठच्या वेगातली गाडी १४६ मीटर येते, तिशीतली ७३. म्हणजे पहिल्या गाडीचा अंदाज आजीला दीडशे मीटरवरून बांधता आला पाहिजे, तोही मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी.

यावर गावागावात एकच उपाय ठाऊक आहे: स्पीडब्रेकर. अपघात झाला की रास्ता रोको, आणि दुसऱ्या दिवशी डांबराचा नाहीतर सिमेंटचा एक आडवा वरवंटा. कल्पना चुकीची नाही. चुकतो तो आकार, आणि तिथले विज्ञान मोठे गमतीदार आहे.

रस्त्यावर उंचवटे घालून गाड्या हळू करण्याचा विचार करणाऱ्यांत एक नोबेल विजेता भौतिकशास्त्रज्ञही होता. क्ष-किरणांचे विकिरण उलगडणारे आर्थर कॉम्प्टन. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलगुरू असताना आपल्या आवारातून गाड्या भरधाव जातात हे पाहून १९५३ मध्ये त्यांनी अशा उंचवट्यांची आखणी केली. पण मापे नीट पक्की झाली ती १९७३ मध्ये ब्रिटनच्या वाहतूक आणि रस्ते संशोधन प्रयोगशाळेत. जी. आर. वॉट्स यांनी निरनिराळ्या लांबीचे आणि उंचीचे उंचवटे करून त्यांवरून वाहने नेली आणि बसणारा धक्का मोजला. त्यांना आढळले ते असे: उंचवटा आखूड असेल तर वेग वाढवल्यावर गाडीत बसलेल्याला धक्का कमी बसतो.

हे ऐकायला उफराटे वाटते. पण मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर तरंगत असतो, आणि त्याला एकदा वर-खाली व्हायला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एक फूट लांबीचा उंचवटा पन्नासच्या वेगातली गाडी सुमारे ०.०२ सेकंदात पार करते. चाक उडते, दाबले जाते, परत येते; सांगाड्याला काही कळायच्या आत सगळे आटोपलेले असते. दणका टायरला आणि रिमला, बसलेल्याला फारसा नाही. दहाच्या वेगाने जाणाऱ्याला मात्र तोच उंचवटा पुरेपूर लागतो. थोडक्यात, आपला गावठी स्पीडब्रेकर सावकाश जाणाऱ्याला शिक्षा करतो आणि दामटणाऱ्याला सोडून देतो. मोटारसायकलवर मागे एका अंगाला बसलेली, मांडीवर लेकरू घेतलेली बाई, आणि कळा सुरू झालेली गर्भवती घेऊन निघालेली रुग्णवाहिका, या दोघींना तो सर्वांत जास्त भोवतो.

वॉट्स यांनी सुचवलेला उंचवटा ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच होता. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या आपल्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत नेमकी हीच मापे घेतली: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३.७ मीटर का? साध्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असते. उंचवटा त्याहून लांब असल्याने अख्खी गाडी आधी चढते, मग उतरते. धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो, आणि वेग वाढेल तसा तो वाढत जातो. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की वक्रावरून जाताना लागणारे त्वरण मिळते. ताशी २५ ला ते गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशाहून किंचित कमी भरते, पोटात हलकासा खड्डा पडतो इतकेच. स्प्रिंगांचा हिशेब बाजूला ठेवला तर ताशी ४६-४७ ला ते गुरुत्वाकर्षणाएवढे होते, म्हणजे माथ्यावर चाक जमीन सोडू पाहते. ही जाणीव झाली की चालक पुढच्या वेळी आपण होऊन पंचविशीवर येतो. त्याला पाटी वाचावी लागत नाही.

त्याच मार्गदर्शिकेत बाकीचेही लिहिले आहे. जड वाहनांची वर्दळ असेल तर दोन्ही कडांना दीड-दीड मीटरचा उतार जोडावा, ४० मीटर आधी सूचनाफलक असावा, रंगाचे पट्टे असावेत, आणि एकच उंचवटा घालून थांबू नये. १०० ते १२० मीटरवर दुसरा असावा, नाहीतर चालक एक ओलांडून मधल्या पट्ट्यात राहिलेला वेळ भरून काढतो. हे सगळे दुय्यम रस्त्यांसाठी. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायला केंद्रीय मंत्रालयाची मनाई आहे आणि ती रास्त आहे. ऐंशीच्या वेगात अंधारात अनपेक्षित आलेला उंचवटा स्वतःच माणसे मारतो.

मग महामार्ग वस्तीतून जातो तिथे काय? उत्तर किल्ल्यांच्या दरवाजात आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांत दरवाजापर्यंतची वाट सरळ नेत नाहीत. बुरुजाआड वळवतात, चिंचोळी करतात, म्हणजे हत्तीला किंवा घोडदळाला दौड घेऊन दारावर आदळता येत नाही. आजचे रस्ता-अभियंते हेच करतात, फक्त शत्रूऐवजी संवेग रोखायचा असतो. गावाच्या वेशीवर रस्त्याच्या मध्यभागी झाडे लावलेले छोटे बेट, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाट किंचित वाकडी. मार्गिका साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची. कडेला झाडे किंवा खांब जवळ, म्हणजे वेगाची जाणीव वाढते. त्याआधी चाकांना घरघर लावणाऱ्या पातळ पट्ट्या. मध्यावरचे बेट दुसरेही काम करते: आजीला आता एका वेळी अर्धाच रस्ता ओलांडायचा असतो, एकाच बाजूला पाहत.

फुटपाथबद्दल थोडक्यात. रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरपर्यंत हवी. आपल्याकडे गटारावर दीड फूट उंचीचा कट्टा बांधतात. गुडघेदुखीवाला त्यावर चढत नाही, दुकानदार माल मांडतो, आणि माणसे डांबरावरूनच चालतात. दोष मग चालणाऱ्यांना. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरता येण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले होते आणि ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता एक दिवस चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. पण धोरणे शहरांसाठी होतात. मोठ्या रस्त्यावर वसलेल्या बाजारगावांच्या वाट्याला रुंदीकरण तेवढे येते.

नेदरलँड्समध्येही सुरुवात वरून झाली नव्हती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर चारशेहून जास्त मुले मेली, आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यात बसले. डेल्फ्ट शहरातल्या काही रहिवाशांनी त्याआधीच आपल्या गल्लीत कुंड्या आणि बाक मांडून गाड्यांची सरळ वाट मोडली होती. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायदेशीर मान्यता मिळाली.

खर्ड्यात कुंड्या नसल्या तरी फक्की आहे. कबड्डीच्या मैदानाची आखणी करतात तीच. मुरूम भरलेली पोती, रंगवलेले जुने टायर आणि फक्की एवढ्यावर वेशीपाशी बेट कुठे बसेल, कोपरा किती आवळता येईल, एसटी वळते का, उसाची दुसरी ट्रॉली कडेला घासते का, हे रस्त्याच्या मालक खात्याची परवानगी घेऊन आठवडाभर तपासता येते. बसले नाही तर पोती सरकवायची. सिमेंट ओतल्यावर ही सोय नसते.

त्याआधी वेग मोजावा. त्याला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करायच्या आणि सुरक्षित ओट्यावर बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, ३ सेकंद म्हणजे ६०. नववी-दहावीच्या मुलांना विज्ञानाचा प्रकल्प म्हणून हे सहज जमते. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने मांडून पंचाऐंशीवा आकडा पाहायचा. अभियंते आखणीसाठी हाच धरतात. पालखीच्या दिवशी एकदा आणि एरवी एकदा मोजले तर अधिकच उत्तम. हा तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडून बांधकाम उपविभागात आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावा, आणि अर्जात मोटार वाहन कायद्याचे कलम १९८अ लिहावे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार रस्त्याची आखणी ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने अपघातात कोणी दगावले किंवा जायबंदी झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.