डार्करूम गेली, दमा राहिला

परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू अशा गावांतल्या फोटो स्टुडिओंत मागच्या बाजूला एक काळोखी खोली असायची. दवाखान्याच्या एक्स-रे विभागातही तशीच. लाल दिवा आणि डेव्हलपर, पाणी, हायपो यांच्या टाक्या. उजेडाची तिरीप आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, म्हणजे वाराही बंद. डेव्हलपर साधारण २० अंशांवर ठेवायचा असतो; परभणीच्या मे महिन्यात ते कसे जमणार? मग टाकीभोवती बर्फ ठेवायचा. काळजी फिल्मची, आत उभ्या माणसाची कोण करतो?

आता सगळे डिजिटल झाले. पण तिथे वीस-पंचवीस वर्षे काढलेली माणसे आज साठीत आहेत, आणि त्यांची धाप ‘वयामुळे’, ‘धुळीमुळे’ म्हणून सोडून दिली जाते.

हायपोच्या टाकीतून ॲसिटिक ॲसिडची वाफ आणि सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. दोन्ही श्वासनलिकेला झोंबणारे. पुढे ऑटोमॅटिक प्रोसेसर आले, त्यांच्या डेव्हलपरमध्ये बऱ्याचदा ग्लुटारल्डिहाइड असे. ते अधिक वाईट, कारण त्यामुळे ॲलर्जीचा दमा जडू शकतो. एकदा शरीर असे बिथरले की अगदी थोडा वासही पुरतो. न्यूझीलंडच्या रेडिओग्राफर मार्जोरी गॉर्डन यांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या आजारातून हा विषय लावून धरला आणि ‘डार्करूम डिसीज’ हे नाव रूढ झाले. त्यातली सगळीच लक्षणे रसायनांमुळे होतात का, यावर मतभेद आहेत; दम्याबद्दल मात्र शंका नको.

दुसरा त्रास हातांचा. मेटॉलमुळे बोटांना भेगा आणि खाज. हायड्रोक्विनोनमुळे क्वचित त्वचेचा रंग जाऊन पांढरे डाग पडतात. लोक त्याला कोड समजतात, आणि आपल्याकडे कोड म्हटले की घरातल्या मुलींची लग्नेही अडतात! कर्करोगाची भीती अनेकजण बोलून दाखवतात. पण हायड्रोक्विनोनमुळे माणसाला कर्करोग होतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

धाप लागत असेल तर डॉक्टरांना जुने काम आवर्जून सांगा. सुटीच्या दिवशी बरे वाटायचे आणि कामावर गेले की छाती भरायची का, हे आठवून सांगा. स्पायरोमेट्री करून घ्या. अजून डार्करूम चालवणाऱ्यांनी हवा बाहेर फेकणारा पंखा आणि नायट्राइलचे हातमोजे वापरावेत; रुमाल बांधून वायू अडत नाही.

कामामुळे जडलेला दमा भरपाईच्या कायद्यात कामातून होणारा आजार म्हणून धरला जातो. स्टुडिओत स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असलेल्याला मात्र तो लागू होत नाही.