दहा बाय बाराच्या खोलीतले होम थिएटर

होम थिएटर घेताना दुकानात पहिला प्रश्न वॉटचा विचारला जातो आणि दुसरा किमतीचा. खोलीचे माप क्वचितच कोणी विचारते. शोरूमच्या प्रशस्त दालनात भारदस्त वाटलेला संच छोट्या खोलीत आणला की बेस घुमतो, संवाद पुसट होतात आणि रिमोट सतत हातात ठेवावा लागतो. जळगाव आणि धुळ्याच्या वसाहतींत दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांच्या खोल्या पुष्कळ आहेत. त्यांना प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब आणि खाली गुळगुळीत फरशी असते. अशा खोलीत ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग खोलीच ठरवते. म्हणून आधी खोली पाहावी, मग स्पीकरच्या जागा ठरवाव्यात आणि शेवटी संच निवडावा.

५.१ म्हणजे काय

५.१ संचात पाच मुख्य स्पीकर आणि एक सबवूफर असतो. समोर डावा, मधला आणि उजवा, तर श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे दोन सराउंड. ‘पॉइंट वन’ ही केवळ खर्जासाठी राखलेली वाहिनी आहे. तिच्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे स्वर येतात. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे तो कमी दर्जाचा असेल तर बाकीचे चारही स्पीकर चांगले असून उपयोग होत नाही. सराउंडचे काम पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी असे वातावरण उभे करण्याचे असते.

चित्रपटगृहांत ही रचना डिजिटल रूपात १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलने आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’पासून डीटीएसने रुळवली. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी अ‍ॅटमॉस आले आणि छतावरच्या स्पीकरची भर पडली. ५.१.२ असे लिहिलेले असते तेव्हा शेवटचा आकडा या वरच्या स्पीकरचा असतो.

खोली आवाजाचे काय करते

कठीण पृष्ठभाग आवाज परतवतात, मऊ आणि सच्छिद्र पृष्ठभाग तो शोषतात. आवाज थांबल्यावर त्याची घुम ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे खोलीचे महत्त्वाचे माप आहे. दहा बाय बारा फूट, दहा फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते. ती रिकामी असेल तर हा वेळ सहज दोन सेकंदांच्या वर जातो. चित्रपट स्पष्ट ऐकू यायला तो ०.३ ते ०.५ सेकंद हवा. ०.४ सेकंदांसाठी खोलीत सुमारे १४ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण लागते. सोफा, पलंगावरची गादी, जाड पडदे, सतरंजी आणि बसलेली माणसे यांतून त्यातला बराच भाग भरून निघतो. उरलेल्यासाठी भिंतींवर काही लावावे लागते.

खान्देश हा कापसाचा प्रदेश असल्याने हे साहित्य घराजवळच मिळते. जाड कापडात भरलेली चार इंच जाडीची कापसाची गादी लाकडी चौकटीत बसवून भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे टांगली, तर ती मधले आणि वरचे स्वर चांगले शोषते. ती कुठे लावायची हे आरशाने ठरवता येते. श्रोत्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात समोरचा स्पीकर दिसेल तिथून पहिले परावर्तन येते आणि गादी तिथेच टांगावी. कापूस लवकर पेट घेतो, त्यामुळे ती स्विचबोर्ड, दिवा आणि देवघरापासून दूर असावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. त्यांचा पुठ्ठा पातळ असतो आणि शोषण नगण्य.

खर्जाचा प्रश्न निराळा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बसते, तो स्वर खोलीत साचतो. दहा फुटांसाठी ही वारंवारता सुमारे ५६ हर्ट्झ येते, बारा फुटांसाठी ४७. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील, तर तिन्ही दिशांनी एकच ५६ हर्ट्झचा स्वर वाढतो आणि ढोलाचा प्रत्येक ठोका सारखाच ‘धुम्म’ ऐकू येतो. त्याची पूर्ण तरंगलांबी सहा मीटरच्या वर असल्याने चार इंच गादी त्याला अडवू शकत नाही. इथे खुर्चीची आणि सबवूफरची जागा बदलणे हाच मुख्य उपाय. म्हणून घरात निवड करता येत असेल, तर चौरस खोलीऐवजी लांबट खोली घ्यावी.

गावाकडच्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि लाकडी कड्यांवर पसरलेले मातीचे छत असते. अशा खोलीत सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीपेक्षा घुम कमी राहते आणि थोड्या सामानातही आवाज नीट ऐकू येतो. तिथे काळजी घ्यावी लागते ती वायरिंगची आणि छतातून झिरपणाऱ्या मातीची.

कोणता संच

छोट्या खोलीसाठी प्रत्यक्षात चार पर्याय उरतात. पहिला साउंडबार आणि सबवूफर. वायर कमी आणि जागा कमी, पण अनेक साउंडबार सराउंडचा आभास भिंतींवरून आवाज परतवून निर्माण करतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार किंवा पडदा असेल, तर तो आभास एकांगी होतो. दुसरा ३.१: समोरचे तीन स्पीकर आणि सबवूफर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल आणि हलवता येत नसेल, तर हा सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे. तिसरा पूर्ण ५.१, ज्यासाठी श्रोत्याच्या मागे निदान तीन फूट मोकळे हवेत. चौथा ५.१.२.

७.१ साठी श्रोत्याच्या मागे आणखी दोन स्पीकर लागतात. बारा फुटांच्या खोलीत ते डोक्याला इतके जवळ येतात की समोरचा पडदा विसरून लक्ष मागेच जाते. तो मोह टाळावा. अ‍ॅटमॉससाठी छताकडे तोंड करून आवाज परतवणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट, कठीण छत लागते आणि आपला स्लॅब तसा असतो. मात्र नेमका मध्यभागी फिरणारा पंखा त्या परावर्तनाच्या वाटेत येऊ शकतो. अ‍ॅटमॉस हवेच असेल, तर पंख्याच्या दोन्ही बाजूंना छतावर किंवा भिंतीच्या वरच्या भागात छोटे स्पीकर बसवणे बरे.

शक्तीचे गणित सोपे आहे. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असेल, तर एका वॉटवर एका मीटरवर तो ८७ डेसिबल आवाज देतो. दोन मीटरवर मोकळ्या हवेत ८१ उरतो, खोलीत त्याहून थोडा जास्त. वॉट दुप्पट केले की केवळ ३ डेसिबल वाढतात. म्हणजे दहा वॉटना ९१ आणि चाळीस वॉटना ९७ डेसिबल. छोट्या खोलीत याहून अधिक मागणी क्वचित येते, म्हणून प्रत्येक वाहिनीला खरे ४०-५० आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे) वॉट पुरेसे ठरतात. खोक्यावर हजारोंनी छापलेले ‘पीएमपीओ’ वॉट कोणत्याही ठरावीक मोजणीला बांधलेले नसतात; ते वाचूच नयेत. आरएमएस लिहिलेले नसेल, तर तो संच बाजूला ठेवावा.

सबवूफर आठ इंची पुरतो, दहा इंची भरपूर होतो. बारा इंची सबवूफर या खोलीत खर्ज वाढवतो आणि स्पष्टता घालवतो. स्वस्त ५.१ संच घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. त्यांतल्या अनेकांत डॉल्बी किंवा डीटीएस उलगडणारा डीकोडर नसतो, आणि स्टिरिओचाच आवाज पाचही स्पीकरमध्ये वाटला जातो. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी नसलेल्या आणि केवळ ब्लूटूथ, यूएसबी व ऑक्सवर चालणाऱ्या संचाला खऱ्या अर्थाने ५.१ म्हणता येत नाही, कारण नेहमीच्या ब्लूटूथमधून दोनच वाहिन्या जातात.

मांडणी

समोरचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्यापासून प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर आणि सराउंड ११० ते १२० अंशांवर असावेत. समोरचे तिन्ही स्पीकर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले घ्यावेत, म्हणजे पडद्यावरून गाडी सरकताना तिचा आवाज बदलत नाही. त्यांचे ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत असावेत. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला तर थोडा वर झुकवावा. सराउंड कानांपेक्षा फूट-दीड फूट उंच चालतात.

बारा फुटांच्या खोलीत खुर्ची मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फूट पुढे ठेवली, तर खर्ज बऱ्यापैकी सम मिळतो. भिंतीला टेकून बसले की तो फुगतो. सबवूफरची जागा शोधायची रूढ पद्धत अशी: तो तात्पुरता खुर्चीवर ठेवून एखादे खर्जाचे गाणे लावावे, मग भिंतीच्या कडेने रांगत ऐकावे. जिथे ठोके वेगवेगळे आणि स्वच्छ ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवावा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण चांगला येतोच असे नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. प्रत्येक स्पीकरचे अंतर भरावे, कारण ध्वनी एक फूट कापायला सुमारे एक मिलिसेकंद घेतो आणि आधी पोचलेल्या आवाजाकडे कान वळतो. सराउंड तीन फुटांवर आणि समोरचे आठ फुटांवर असतील आणि सराउंडला विलंब दिला नाही, तर आवाज मागून येत असल्याचा भास होतो. सोबत मायक्रोफोन देणारे अ‍ॅम्प्लिफायर हे मोजमाप आपोआप करतात.

जोडणी आणि वायर

टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातात, आणि ओटीटीवरचा बहुतेक अ‍ॅटमॉस याच प्लसमध्ये असतो. ब्लू-रेचा अखंड दर्जाचा आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ‘ईएआरसी’ लागते. ऑप्टिकल तारेतून साधे ५.१ जाते, अ‍ॅटमॉस जात नाही. यूट्यूबवरची बहुतेक अहिराणी गाणी आणि अनेक टीव्ही वाहिन्या स्टिरिओतच येतात. त्यांच्यासाठी समोरचे दोन स्पीकर चांगले असणे सराउंडपेक्षा महत्त्वाचे.

स्पीकरला महागड्या तारांची गरज नाही. विजेच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत आठ ओहमच्या स्पीकरला पुरते. एखाद्याच स्पीकरचे लाल-काळे टोक उलटे जोडले गेले, तर बेस कमी होतो. घराचे काम चालू असतानाच सराउंडच्या जागेपर्यंत पाइप टाकून घेतले, तर नंतर केसिंग पट्ट्यांनी भिंत भरत नाही.

उन्हाळा, वीज आणि शेजार

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अनेक अ‍ॅम्प्लिफायर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. म्हणून तो शोकेसच्या बंद काचेत ठेवू नये. वर निदान चार-सहा इंच मोकळे सोडावेत आणि कूलरचा ओला झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. धूळ मऊ ब्रशने नियमित काढावी. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग असावे. अर्थिंग बिघडल्यावर स्पीकरमधून सतत ‘हम’ ऐकू येतो.

कूलरचा आवाज साधारण ६० डेसिबलपर्यंत असतो आणि कुजबुजता संवाद त्याखाली बुडतो. आवाज वाढवला की पुढच्याच स्फोटाला घर हादरते. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरमधला ‘नाइट मोड’ वापरावा. तो मोठे आणि लहान आवाज एकमेकांजवळ आणतो. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवली, तरी संवाद सुटे होतात. कूलर खिडकीबाहेर असेल आणि चौकटीत पक्का बसवलेला असेल, तर त्याची थरथर आत कमी येते.

एकमेकांना लागून असलेल्या घरांत खर्ज अर्ध्या विटेच्या भिंतीतून सहज पलीकडे जातो. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर, रबरी पायांवर किंवा जाड फोमवर ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

खर्चाचा क्रम

पैसे मर्यादित असतील तर आधी समोरचे तीन स्पीकर, मग सबवूफर, मग सराउंड असे टप्प्याटप्प्याने घ्यावेत. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यापासून ५.१ चा असावा. गाद्या, पडदे आणि सतरंजीचा खर्च संचाच्या किमतीतच धरावा. दुकानात ऐकताना ओळखीचे, संवाद आणि पार्श्वसंगीत दोन्ही असलेले दृश्य मध्यम आवाजात लावायला सांगावे. मोठ्या आवाजात सगळेच संच सारखे जोरकस वाटतात, मध्यम आवाजात त्यांच्यातला फरक कळतो. घरी ऐकून बदलण्याची मुभा देणारा विक्रेता मिळाला, तर थोडी जास्त किंमत मोजणे परवडते, कारण शेवटची परीक्षा त्याच दहा बाय बाराच्या खोलीत होणार असते.