न बांधलेल्या यंत्रातला कचरा

निसर्गातली मूलभूत बलं चार: गुरुत्व, विद्युतचुंबकीय, प्रबळ आणि क्षीण. शेवटच्या तिन्हींचं गणित १९७०च्या दशकात ‘स्टँडर्ड मॉडेल’ या चौकटीत बसलं. २०१२ साली सर्नमध्ये हिग्ज बोसॉन सापडला आणि चौकटीतला राहिलेला कणही हाती आला. गुरुत्व अजून बाहेरच आहे. आपल्याकडचे लेख मात्र सर्नच्या त्वरकयंत्राच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यापाशीच रेंगाळतात. यंत्राआधी कागदावर काय चालतं, हे पाहायचं तर भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांच्या कामाकडे वळावं.

पुण्याची हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, १९७९मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाची पीएच.डी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) काही वर्षं काढून १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या.

प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात, हे रोजच्या पाहण्यातलं. पण अतिउच्च ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या रूपात वावरतो आणि तेव्हा दुसऱ्या फोटॉनशी प्रबळ बलाने भिडू शकतो. त्वरकात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचे दाट झोत समोरासमोर आले की परस्परांच्या क्षेत्रात कण वाकतात आणि फोटॉन फेकतात. भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रीस आणि गोडबोले यांनी १९९१च्या सुमारास दाखवून दिलं, की या फोटॉनांच्या टकरींतून हेड्रॉनांचा, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा, एवढा कचरा माजू शकतो, की त्यात हवी ती घटना शोधणं कठीण व्हावं. कचरा किती, ते झोताच्या आकारावर ठरतं. त्यामुळे पुढच्या रेषीय त्वरकांच्या आराखड्यांत हा हिशेब आला. तसा त्वरक अजून उभा राहिलेला नाही. अडचण मात्र तीन दशकांपूर्वीच सापडली!

ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह गोडबोले यांनी २००४मध्ये अतिसममित (सुपरसिमेट्री सिद्धांताने सुचवलेल्या) कणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. ते कण आजवर सापडलेले नाहीत. मग मेहनत फुकट गेली का? मला नाही वाटत. अमुक ऊर्जेपर्यंत ते नाहीत, एवढं म्हणायलासुद्धा त्यांच्या खुणा आधी कुणीतरी काढून ठेवाव्या लागतात. २०२४च्या ऑक्टोबरात गोडबोले गेल्या.

चौकटीबाहेर राहिलेल्या गुरुत्वाच्या बाजूने शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर. १९८६मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि गुरुत्वाचं गणित इतर बलांच्या गणितासारखं दिसू लागलं. लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या गुरुत्वाच्या पुंज सिद्धांताचा पाया तो. स्ट्रिंग सिद्धांत या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांशी त्यांचा वाद जुना, आणि प्रयोगाने अजून कुणाच्याच बाजूने कौल दिलेला नाही.

मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, ४ किलोमीटर बाहूंची लायगो-इंडिया वेधशाळा येते आहे. केंद्राने २०२३मध्ये मंजुरी दिली. तिचं कौतुक होईलच. पण भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून एम.एस्सी.ला आलेल्या मुलीची गरज वेगळी आहे. शोधनिबंध १९९१पासून ‘अर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात, तेव्हा वाचायची अडचण नाही. फळ्यापाशी उभं राहून तिच्याशी तासभर भांडणारं माणूस हवं. ड्रीस-गोडबोले यांचा हिशेब झाला तेव्हा गोडबोले एका राज्य विद्यापीठात एम.एस्सी.चे वर्ग घेत होत्या. तशा विभागांतल्या रिकाम्या जागा भरायला लायगोच्या मानाने पैसा किरकोळ लागेल.